आधी शाळाच मुलाला निवडत असे

१/ थ्रेड. मूल तीन-चार वर्षांचे झाले की घरोघरी एक प्रश्न उभा राहतो : याला कोणत्या शाळेत घालायचे? जवळची जिल्हा परिषदेची शाळा, नगरपालिकेची, खासगी अनुदानित, की दूरची इंग्रजी माध्यमाची? फी, अंतर, माध्यम, शिक्षक, ओळखीच्यांचे अनुभव असे सगळे हिशेब मांडले जातात. हा प्रश्न आपल्याला आधुनिक आणि सर्वस्वी घरगुती वाटतो. प्रत्यक्षात त्याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातील बराच काळ बहुसंख्य पालकांच्या हाती ही निवड नव्हतीच.

२/ मग ती कोणाच्या हाती होती? शाळेच्या, शाळेत आधीच बसलेल्या मुलांच्या आईवडिलांच्या आणि त्या आईवडिलांना दुखवू न इच्छिणाऱ्या सरकारच्या. शाळेची निवड हा केवळ एका कुटुंबाचा निर्णय कधीच नव्हता. एका पालकाची निवड दुसऱ्याच्या मुलाचे दार उघडते किंवा बंद करते. धारवाड, पुणे, सातारा, कोल्हापूर आणि बोर्डी या पाच गावांतून हे सूत्र कसे दिसते, ते पाहू.

३/ आरंभ पंतोजींच्या शाळेपासून. कंपनी सरकार येण्यापूर्वी महाराष्ट्रात शाळा नव्हत्या, हा समज चुकीचा आहे. देवळाच्या ओवरीत, एखाद्या वाड्याच्या ओसरीवर किंवा पंतोजींच्या घरीच शाळा भरे. धूळपाटीवर अक्षरे गिरवायची, ‘ओनामासिधं’ने आरंभ करायचा, मोडी वळण बसवायचे, आणि पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी तोंडपाठ करायची. जमाखर्च, पत्रलेखन आणि हिशेब हे या शिक्षणाचे प्रयोजन होते. पंतोजींचे मानधन मुलांच्या घरून येई, कधी पैशांत तर कधी धान्यात.

४/ येथे ‘निवड’ फार सोपी होती. ज्याच्या घरी लेखणीचे काम होते किंवा दुकानाचा हिशेब होता, त्याचा मुलगा शाळेत जाई. ब्राह्मण, प्रभू, सोनार, वाणी अशा घरांतील मुले, आणि काही ठिकाणी सधन कुणब्यांची. मुली जवळजवळ नाहीत. अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले तर नाहीतच. कोणी पाटी लावून त्यांना मनाई केली नव्हती. ओसरी कोणाची, हे ठाऊक असले की पाटी लावण्याची गरज उरत नाही.

५/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. मराठी शाळा, छापील पुस्तके आणि प्रशिक्षित शिक्षक यांचा त्याने पुरस्कार केला. १८२३-२४ च्या सुमारास लिहिलेल्या शिक्षणविषयक टिपणात मात्र त्याने एक सावधगिरी नोंदवली आहे. मिशनऱ्यांना सर्वांत खालच्या मानलेल्या जातींतील मुले उत्तम विद्यार्थी वाटतात, हे त्याला ठाऊक होते. परंतु नव्या शिक्षणाने प्रथम त्यांच्यात मूळ धरले, तर इतर जाती त्यापासून दूर राहतील, अशी त्याची भीती होती. हा युक्तिवाद लक्षात ठेवा. पुढे तीस वर्षांनी तो सरकारी ठराव होऊन परत येणार आहे.

६/ याच काळात पुण्यातील एका बापासमोर आजच्या पालकांसारखाच प्रश्न उभा होता. गोविंदराव फुले हे फुलांचा व्यवसाय करणारे माळी समाजातील गृहस्थ. आई वारलेल्या धाकट्या मुलाला, जोतीला, त्यांनी सातव्या वर्षाच्या सुमारास मराठी शाळेत घातले. काही वर्षांनी त्यांनी त्याला शाळेतून काढले. दुकानातील कारकुनाने शिकून मुलगा बिघडेल, शेतीच्या कामाचा राहणार नाही असे त्यांच्या मनात भरवले, असे चरित्रकार सांगतात. मुलगा मळ्यात कामाला लागला, तेराव्या वर्षी त्याचे लग्नही झाले.

७/ पुढची निवड शेजाऱ्यांमुळे घडली. उर्दू-फारसीचे जाणकार मुन्शी गफार बेग आणि लिजिट नावाचे युरोपीय गृहस्थ यांनी मुलाची हुशारी ओळखली आणि गोविंदरावांची समजूत घातली. १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. एका सल्ल्याने मुलगा शाळेबाहेर गेला आणि दुसऱ्या सल्ल्याने परत आला. आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासातील एवढी मोठी घटना एका बापाच्या दोलायमान मनावर टांगलेली होती. शाळेची निवड करताना पालक कोणाचे ऐकतो, हा प्रश्न क्षुल्लक नाही तो यामुळे.

८/ १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी बुधवार पेठेतील भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. ज्या गोविंदरावांनी मुलाला पुन्हा शाळेत घातले होते, त्यांनीच पुढच्या वर्षी समाजाच्या दडपणाखाली मुलाला आणि सुनेला घर सोडायला सांगितले. आपल्या मुलाने शिकावे, ही निवड त्यांनी केली होती. इतरांच्या मुलींनाही शिकवावे, हे मात्र गावकीला सोसणारे नव्हते. पुढे १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची आणखी एक शाळा उघडली, आणि महार-मांग मुलांमुलींसाठीही शाळा सुरू झाल्या.

९/ या शाळांतून काय घडले, याचा पुरावा एका मुलीने स्वतःच मागे ठेवला आहे. मांग समाजातील मुक्ता साळवे ही फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. ज्या मुलीसाठी गावात एकही शाळा नव्हती, ती काही वर्षांच्या शिक्षणानंतर छापील मराठीत समाजाला प्रश्न विचारू लागली. त्या जाती शिकण्यास असमर्थ आहेत, या म्हणण्याचा इतका थेट प्रतिवाद क्वचितच सापडेल.

१०/ आता सरकारकडे वळू. १८५४ चा चार्ल्स वुडचा खलिता हा भारतीय शिक्षणव्यवस्थेचा आराखडा मानला जातो. प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते असावे, आणि खासगी संस्थांच्या शाळांना सरकारने अनुदान द्यावे, ही त्यातील दोन सूत्रे. आज आपण ‘अनुदानित शाळा’ म्हणतो त्या व्यवस्थेची मुळे तेथे आहेत. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षण खाते स्थापन झाले. सरकारी पैशाने चालणारी शाळा ही आता सर्वांची शाळा असायला हवी होती. लगेच पुढच्याच वर्षी कसोटीची वेळ आली.

११/ जून १८५६. स्थळ धारवाड, आज कर्नाटकात, तेव्हा मुंबई इलाख्यात. एका महार मुलाला तेथील सरकारी शाळेने प्रवेश नाकारला. त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. क्षणभर थांबून या कृतीचे मोल जाणून घ्यायला हवे. शाळेने नकार दिल्यावर घरी परत जाणे हा त्या काळचा रिवाज होता. या मुलाने रिवाज मोडला आणि राज्यकर्त्यांना विचारले की तुमची शाळा नेमकी कोणाची? प्रसिद्ध झालेल्या सरकारी ठरावात तो केवळ ‘महार अर्जदार’ म्हणून उरला आहे.

१२/ जुलै १८५६ मध्ये सरकारचा ठराव आला. त्याचा आशय असा : तत्त्वतः न्याय अर्जदाराच्या बाजूने आहे, याबद्दल शंका नाही. परंतु एका-दोघांसाठी शतकानुशतकांच्या समजुतींत तडकाफडकी हात घातला, तर एकूण शिक्षणकार्याचीच हानी होईल. अर्जदाराची अडचण या सरकारने निर्माण केलेली नाही, तेव्हा त्याच्या बाजूने हस्तक्षेप करून ती लगोलग दूर करणेही सरकारला शक्य नाही. न्याय मान्य, प्रवेश अमान्य.

१३/ या ठरावातील खरी भीती कोणती? महार मुलगा वर्गात बसला की इतर मुलांचे पालक आपली मुले काढून घेतील आणि शाळा ओस पडेल. ही एल्फिन्स्टनचीच जुनी भीती. म्हणजे धारवाडच्या त्या शाळेत प्रवेश कोणाला द्यायचा हे मास्तरांनी ठरवले नाही, खात्यानेही ठरवले नाही. ते ठरवले वर्गात आधीच बसलेल्या मुलांच्या पालकांनी. त्यांना अर्ज करावा लागला नाही, सही करावी लागली नाही. ‘आम्ही आमची मुले काढून घेऊ’ ही शक्यताच पुरेशी ठरली.

१४/ प्रकरण मात्र मुंबईत थांबले नाही. १८५७ च्या आरंभी कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारने कळवले की बंगालमध्ये अशा मुलाला सरकारी शाळेतून परत पाठवले गेले नसते. लंडनमधील कंपनीच्या संचालकांनीही सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात, असे स्पष्ट केले. पुढे मुंबई इलाख्यातही नियम झाला : जी शाळा संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालते, ती सर्व प्रजाजनांसाठी खुली असेल. कागदावर धारवाडचा मुलगा जिंकला.

१५/ कागद आणि वर्गाची जमीन यांत अंतर होते. नियम संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळांना लागू; अंशतः अनुदानावर चालणाऱ्या शाळांना पळवाट होती. शिवाय प्रवेश देऊनही मुलाला वर्गाबाहेर ठेवता येते. त्याला ओसरीवर, पायरीवर किंवा खिडकीबाहेर बसवायचे. पाटी लांबून पाहायची. छडी लागलीच तर फेकून मारायची. पटावर नाव असणे आणि वर्गात जागा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने कायम ध्यानात ठेवावे. पटसंख्येचे तक्ते ओसरी दाखवत नाहीत.

१६/ १८८२ मध्ये विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग आला. ऑक्टोबर महिन्यात जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे आपले निवेदन ठेवले. रयतेकडून येणारा महसूल वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, हे त्यांनी दाखवून दिले. बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे आणि शिक्षक शेतकरी वर्गातूनही घ्यावेत, अशी त्यांची मागणी होती. महार-मांगांची मुले उच्चवर्णीय मुलांशेजारी बसू दिली जात नाहीत, हेही त्यांनी नोंदवले. आयोगाने खुल्या प्रवेशाचे तत्त्व उचलून धरले, पण विरोध असेल तेथे स्वतंत्र शाळांची वाटही दाखवली.

१७/ तत्त्व आणि ओसरी यांतील हे अंतर एका विद्यार्थ्याने पुढे जगासमोर मांडले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, एका मुलाचे नाव दाखल झाले : भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून साजरा होतो. साजरा करताना एक गोष्ट विसरू नये. आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी लिहिले आहे की वर्गात बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपाई असेल तर पाणी मिळे, नसेल तर तहानलेले राहावे लागे. दार उघडे होते. नळ बंद होता.

१८/ अशा वेळी मुलाला कोठे घालावे? अपमान सोसून सर्वांच्या शाळेत, की मान राखणाऱ्या स्वतंत्र शाळेत? विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली आणि परळला शाळा सुरू केली. अशा शाळांनी हजारो घरांत पहिले अक्षर नेले. परंतु स्वतंत्र शाळा वाढल्या की सर्वसामान्य शाळेवरचे दडपण कमी होते, हेही खरे. हा पेच त्या काळच्या अस्पृश्य समाजातील प्रत्येक शहाण्या पालकाने अनुभवला असणार. दोन्ही उत्तरे बरोबर होती आणि दोन्ही अपुरी.

१९/ या कोंडीतून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणजे सक्ती. सक्ती हा शब्द आज कानाला खुपतो. पण त्या काळात तो मुलांच्या बाजूचा शब्द होता. सक्ती आली की ‘याला शाळेत घ्यायचे का’ हा प्रश्नच संपतो आणि ‘याच्यासाठी शाळा कोठे आहे’ हा प्रश्न सुरू होतो. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये आपल्या संस्थानातील अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. त्यात मुलीही होत्या, हे विशेष.

२०/ ब्रिटिश मुलखात हेच करावे म्हणून गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात विधेयक मांडले. मागणी अत्यंत माफक होती : जेथे बरीच मुले आधीच शाळेत जातात, अशा भागांतील स्थानिक संस्थांना हवे असल्यास सक्ती लागू करण्याची मुभा. तीही प्रथम सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. १९१२ मध्ये विधेयक ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत केवळ इंग्रज अधिकारी नव्हते. शेवटी १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता कायदा झाला.

२१/ त्याच्या एक वर्ष आधी कोल्हापूरने पुढचे पाऊल टाकले होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, त्यांनी दुसरा हुकूम काढला : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद कराव्यात आणि त्यांच्या मुलांना इतरांबरोबर त्याच सरकारी शाळांत दाखल करावे. या दोन हुकुमांचा क्रम पाहा. आधी प्रत्येक मुलाला शाळा, मग प्रत्येक मुलाला तीच शाळा.

२२/ १८५६ च्या धारवाडशी हा हुकूम ताडून पाहिला म्हणजे त्याचे मोल कळते. मुंबई सरकारकडे तोफखाना होता, तरी ते पालकांच्या नाराजीपुढे नमले. एका संस्थानिकाने, इंग्रजांच्या सार्वभौमत्वाखाली राहून, ती नाराजी अंगावर घेतली. १९२३ मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा यांबरोबर सरकारी शाळाही त्या ठरावात होत्या. पाणवठ्याच्या हक्कासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, एवढ्यावरून ठराव आणि व्यवहार यांतील दरी लक्षात येते.

२३/ आतापर्यंत आपण दाराविषयी बोललो. शाळेने दारच ओलांडले तर? ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला बालशिक्षणाचे प्रयोग केले होते. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला आल्या. सोबत अनुताई वाघ होत्या. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द या प्रयोगातून आलेला आहे.

२४/ पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांना आणखी एक अडचण दिसली. मुलगे गुरांमागे रानात, मुली धाकट्या भावंडांना सांभाळत घरी. ‘पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही’ असा शेरा मारून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी कुरणात शाळा भरवली, तीच कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, म्हणजे धाकटे भावंड पाळण्यात आणि ताई वर्गात. मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर त्यांनी मुलात न शोधता शाळेच्या रचनेत शोधले.

२५/ स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. दहा वर्षे गेली, उद्दिष्ट राहिले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यातील प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शेजारशाळेचा आग्रह धरला : परिसरातील सर्व मुले, जात-धर्म-पैसा न पाहता, परिसरातीलच एका शाळेत. शिफारस गाजली, अंमल झाला नाही. ज्यांना परवडले त्यांनी दुसरी शाळा निवडली.

२६/ २००२ मध्ये ८६ वी घटनादुरुस्ती आणि २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला. १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा, प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी नाही, आणि खासगी विनाअनुदानित शाळांतही २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना. आज पालक ऑनलाइन अर्जात नकाशावर आपले घर दाखवतात आणि सोडतीची वाट पाहतात. धारवाडच्या मुलाचा अर्ज आता संगणकावर भरला जातो.

२७/ तरीही वाद संपलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर तेथील खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. त्या मुलांसाठी जवळ शाळा आहेच, मग याच शाळेत कशाला, असा त्यामागचा सूर. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द ठरवला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ‘त्यांच्यासाठी शाळा आहे ना’ आणि ‘त्यांच्यासाठी हीच शाळा आहे’ या दोन वाक्यांतील झगडा शाहू महाराजांच्या दोन हुकुमांइतकाच जुना आहे.

२८/ दुसऱ्या टोकाला वीसपेक्षा कमी पट असलेल्या सरकारी शाळा आहेत. त्यांचे काय करावे, याची चर्चा अधूनमधून पेटते. या शाळा एका दिवसात रिकाम्या झालेल्या नाहीत. एकेका घराने, आपापल्या परीने योग्य कारणासाठी, दुसरी शाळा निवडली. मागे राहिली ती मुले, ज्यांच्या पालकांना निवडच नाही. ‘आम्ही आमची मुले काढून घेऊ’ हे वाक्य १८५६ मध्ये दार बंद ठेवण्यासाठी पुरेसे होते. आज तेच वाक्य, कोणाच्याही मनात वाईट नसताना, शाळेचा पट मिटवू शकते.

२९/ याचा अर्थ पालकाने आपल्या मुलाचा विचार करू नये, असा मुळीच नाही. गोविंदरावांनी जोतीला मिशनच्या शाळेत घातले, तेव्हा ते आपल्याच मुलाचा विचार करत होते. एवढेच म्हणायचे आहे की शाळा पाहायला जाताना इमारत, माध्यम आणि निकाल यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी : या वर्गात माझ्या मुलाशेजारी कोण बसणार आहे, आणि कोणाला तेथे बसता येणार नाही? शाळेची नीट पारख करायची तर हा प्रश्न टाळता येत नाही.

३०/ शेवटी वाचकांसाठी एक काम. महाराष्ट्रातील कित्येक प्राथमिक शाळा शंभरी ओलांडलेल्या आहेत. अशा प्रत्येक शाळेत एक ‘जनरल रजिस्टर’ असते. मुलाचे नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याचा दिवस आणि अखेरच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण. जुन्या वह्या मोडीत सापडण्याचाही संभव आहे. जातपडताळणीसाठी लोक त्या उघडतात. इतिहासासाठी फारसे कोणी उघडत नाही. आपल्या गावच्या मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन ती वही पाहा. पहिली मुलगी कोणत्या वर्षी दाखल झाली? गावकुसाबाहेरचे पहिले मूल केव्हा? किती दिवस टिकले? कोणाचीही खासगी नोंद जाहीर न करता, केवळ ती वर्षे येथे उत्तरात लिहा. आपल्या गावाने कोणाला निवडले आणि कोणाला केव्हा, याचा इतिहास त्या वर्षांतून उभा राहील.